बंद मशीनचा आवाज

आवाज पहिल्यांदा आला तेव्हा बाई दुधी चिरत होत्या. भर दुपार, साडेबाराचा सुमार. आवाज भिंतीवरच्या एसीतून आला. टुक. मग जरा थांबून, टुक-टुक. कुणी नखानं रिकाम्या डब्यावर वाजवावं तसा. बाईंनी सुरी खाली ठेवली आणि मान वळवून एसीकडे पाहिलं. एसी बंद होता.

सगळ्या भानगडीचं मूळ इथंच आहे. चालू एसीतून आवाज आला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. चालू मशीन कुरकुरतेच. घरघरली तर बेअरिंग, खडखडली तर कुठला तरी स्क्रू सैल, फडफडली तर आत काहीतरी अडकलंय, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बटण बंद, दिवा बंद, झडप मिटलेली, आणि तरी आतून टुक-टुक? असं म्हणणारी बाई पासष्टीची असेल आणि घरात एकटी राहत असेल, तर लोक तिच्याबद्दल काय बोलतात ते वेगळं सांगायला नको.

आता ही बाई कोण, तेही ऐका. पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं काम केलेली बाई. शेवटच्या टोकाला एक खोली होती, तिला सगळे गप्प खोली म्हणत. जाड भिंती, दाराला आतून कापडाचं अस्तर. तयार पंखा आत यायचा, आकड्याला लटकायचा, बाई बटण दाबायच्या आणि डोळे मिटून ऐकायच्या. वीस सेकंद. मग चिठ्ठी. पास, नाहीतर नापास. पुढे सुया हलणारी मीटरं आली, पण मीटरनं पास केलेले पंखेसुद्धा बाई बाजूला काढायच्या आणि उघडून पाहिलं की आत काहीतरी बिघडलेलं निघायचंच. कारखान्यात त्यांचं नावच पडलं होतं, नापासबाई. सुपरवायझर दात ओठ खात म्हणायचा, पॅकिंगमधल्या बायका लाडानं म्हणायच्या. बाईंना दोन्ही चालायचं.

गप्प खोलीचा नियम एकच होता. ऐकायचं तर आधी बाकी सगळं बंद. टेबलफॅन बंद, ट्यूब बंद, मनगटावरचं घड्याळ काढून बाहेरच्या खिळ्याला. हा नियम इतका अंगात मुरला होता की घरी फोन वाजला तरी बाई आधी नळ बंद करायच्या, मिक्सर बंद करायच्या, मग फोन उचलायच्या. तोवर फोन करणारा निम्म्या वेळा कंटाळलेला असायचा.

त्या दुपारीही तेच झालं. बाईंनी हात पुसले. ओट्यावरचा एग्झॉस्ट पंखा बंद केला, फ्रिजचं बटण पाडलं, रेडिओ तर आधीच बंद होता. एसीखाली खुर्ची ओढून बसल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एसी मुका. दुधी तसाच ओट्यावर काळा पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. आवाज यायचा, बाई सगळं बंद करून कान द्यायच्या, आणि आवाज दडी मारायचा. बाईंचं डोकं फिरायची वेळ आली, म्हणजे रागानं. एकतीस वर्षांत एकाही पंख्यानं त्यांना असं खेळवलं नव्हतं.

एसी मुलानं बसवून दिलेला. मुलगा चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावी राहतो. आईला उकाड्याचा त्रास होतो म्हणून एसी घेतला, आणि थंडावा टिकावा म्हणून खिडक्याही बदलून टाकल्या. जुन्या फटींच्या खिडक्या गेल्या, सरकत्या काचा आल्या, काठाला रबरी पट्ट्या. गॅलरीच्या दारालाही तीच पट्टी, आणि मुख्य दाराच्या खालच्या फटीला ब्रश. "आता हवेचा एक कण बाहेर जाणार नाही बघ," मुलगा म्हणाला होता. बाईंना त्या घरात तोंडावर हात दाबल्यासारखं व्हायचं. पण पोरानं हौसेनं केलंय, त्याला कशाला बोलून दाखवायचं, म्हणून गप्प बसल्या.

गप्प बसायला नको होतं. पण आवाजाबद्दल मात्र त्यांनी फोनवर सांगितलं.

"बंद एसी वाजतो?" मुलानं विचारलं.

"वाजतो."

"म्हणजे चालू राहिला असेल आणि तू विसरली असशील."

"अरे, बटणं दाबण्यात माझा जन्म गेला. चालू काय आणि बंद काय, हे तू मला शिकवणार?"

"बरं बरं. माणूस पाठवतो."

हे 'बरं बरं' बाईंना चांगलं माहीत होतं. मुलगा चार वर्षांचा असताना पलंगाखाली वाघ आहे म्हणायचा, तेव्हा त्या स्वतःच असं म्हणायच्या.

एसीवाला आला. चाळिशीचा माणूस, कामाला चोख, बोलायला गोड. बाईंनी त्याच्यासाठी नेहमीप्रमाणे सगळं बंद करून घर चिडीचूप केलं. त्यानं हॉलची खिडकी सताड उघडली, बाहेर लटकलेलं मशीन वाकून तपासलं, आत येऊन झाकण काढलं, जाळी धुतली, हाताला लागतील ते सगळे स्क्रू आवळले. एसी चालू केला. बंद केला. परत चालू केला.

"मावशी, मशीन लोण्यासारखी चाललीय."

"चालते तेव्हा नाही रे. बंद असते तेव्हा वाजते."

एसीवाला हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "बंद असताना कशी वाजेल? तिच्यात जीव आहे का?"

आठवड्यानं परत बोलावलं. या खेपेला तो अर्धा तास बसला, चहा प्याला, बंद एसीकडे बघत बसला. घामानं भिजला म्हणून बाईंनीच त्याला खिडकी उघडून दिली. आवाज आला नाही. त्यानं पिशवीतून मोबाइल काढला, टकटक करून काहीतरी भरलं आणि सहीसाठी बाईंसमोर धरला. बाईंनी चष्मा लावला. 'यंत्र ठीक. आवाज आढळला नाही. ग्राहकास भास होत असावा.'

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भास हा शब्द खोड."

"मावशी, काहीतरी कारण लिहावं लागतं."

"मग लिही, मला सापडला नाही. जे खरं आहे ते लिही."

"तसं लिहायला त्यात जागाच नाही."

"एकतीस वर्षं मी चिठ्ठ्या लिहिल्यात. पंखा नापास केला तर का केला तेही लिहायचे. कळलं नाही तर कळलं नाही लिहायचे. पंख्याला भास झाला असं कधी लिहिलं नाही." बाईंनी फोन त्याच्याकडे सरकवला. "सही होणार नाही."

सही झाली नाही, पण त्यानं काय अडतं? एसी मुलाच्या नावावर होता. चिठ्ठी आपोआप मुलाच्या फोनवर जाऊन पडली.

मग कानाचा डॉक्टर झाला. मुलानं फोनवरूनच वेळ ठरवली आणि बाई निमूट गेल्या, कारण कानाची भीती त्यांना नव्हतीच. काचेच्या पेटीत बसवलं, कानांवर टोप्या घातल्या, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. बाईंना वाटलं, एवढ्या वर्षांनी कुणीतरी आपल्याला आपलं काम दिलंय. डॉक्टरीणबाईंनी कागदावरची रेघ पाहिली आणि भुवया वर केल्या. "तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," म्हणाल्या. घरी येईपर्यंत बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. चप्पल काढायच्या आधी त्यांनी मुलाला फोन लावला.

डॉक्टरीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. मग मुलगा हळूच म्हणाला, "कान चांगले आहेत... म्हणजे मग..."

"म्हणजे मग काय?"

"काही नाही. मी रविवारी येतो. तू आता एकटी राहू नकोस आई. इकडे चल आमच्याकडे. इथे एक चांगले डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू."

"कसले डॉक्टर?"

मुलानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. कान शाबूत म्हटल्यावर वर काय उरतं, ते बाईंना कळलं.

मुलाच्या घरी बाई एकदाच राहिल्या होत्या, मोतीबिंदूच्या वेळी, दोन महिने. वाईट वागवलं असं नाही. ऊन ऊन जेवण, डोळ्यांत वेळेवर थेंब, सगळं झालं. पण सकाळी नऊ वाजता मुलगा-सून दोघं कामाला जायची आणि जाताना बाहेरून कुलूप लावायची. काळजी म्हणून. आई चुकून बाहेर पडली, कुठे धडपडली तर. संध्याकाळी सातला कुलूप उघडायचं. दोन महिने बाईंनी दहा दहा तास त्या कुलपाकडे पाठ करून काढले. डोळा बरा झाला त्या दिवशी त्या पहिल्या गाडीनं घरी आल्या, आणि स्वतःच्या दाराला स्वतःच्या हातानं किल्ली लावताना त्यांना इतकं भरून आलं की शेजारीण बघेल म्हणून पटकन आत शिरल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या या दोन खोल्या त्यांनी गप्प खोलीच्या पगारातून घेतल्या होत्या. नवरा लवकर गेला, पोर वाढवलं, घर उभं केलं. आणि आता एका टुक-टुकसाठी हे सगळं सोडून परत त्या कुलपाआड जायचं. का? तर एसीनं सगळ्यांसमोर तोंड उघडलं नाही म्हणून.

"जाणार नाही," बाई रिकाम्या हॉलमध्ये मोठ्यानं म्हणाल्या. "बघतेच मला कोण नेतंय ते." म्हणाल्या खऱ्या, पण आतून घाबरल्या होत्या. चारचौघांत आपलं डोकं ठिकाणावर आहे हे सिद्ध कसं करायचं? आहे आहे म्हणून ओरडलं की लोकांना उलट शंका येते.

शनिवार उजाडला. बाईंनी पिठाची परात घेतली आणि सगळा राग पिठावर काढायला बसल्या. बसल्या म्हणजे ओट्यापाशी उभ्याच. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मध्ये भिंत नाही. शेगडीवर डाळ शिजत होती, वर एग्झॉस्ट पंखा घूं घूं करत होता, खिडक्या बंद, दार बंद. बाई पीठ आदळत होत्या आणि एसीवाल्यापासून मुलापर्यंत एकेकाचा उद्धार करत होत्या.

टुक.

बाईंचा हात आपोआप एग्झॉस्टच्या बटणाकडे गेला. निम्म्या वाटेवर थांबला. दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या पिठानं बरबटलेले. असल्या हातानं बटणाला हात कुठे लावायचा? आधी धुवायला हवेत, नळ सोडायला हवा. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात वर धरून.

टुक-टुक. टुक. टुक-टुक-टुक.

आवाज थांबला नाही. पहिल्यांदाच थांबला नाही. तालात, मोकळा, भरदार, आत पाणी खेळावं तसा. मिनिटभर, दोन मिनिटं. बाई पिठाचे हात घेऊन एसीखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि घूं घूं करणाऱ्या पंख्याच्या गोंगाटातही त्यांना प्रत्येक टुक वेगळा ऐकू आला. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी वळून बटणाकडे पाहिलं, ज्याला आज हात लागला नव्हता.

"मीच," बाई म्हणाल्या. "मीच गप्प करत होते त्याला."

त्यांनी कोपरानं बटण दाबलं. पंखा थांबला. टुक. जरा वेळानं एक अशक्त टुक. मग काही नाही. कोपरानं परत चालू. बाईंनी डोळे मिटून मनात मोजायला सुरुवात केली. वीसच्या आत आवाज हजर. परत बंद, आवाज गेला. परत चालू, आवाज आला. सात वेळा केलं. डाळ करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्यांनी शेगडी बंद केली आणि हात धुतले.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते पाहायला तो सुपरवायझर तिथे हवा होता. पंखा चालू ठेवून हॉलची खिडकी चार बोटं उघडली. आवाज बंद. खिडकी लावली. आवाज चालू. गॅलरीचं दार उघडलं, बंद. लावलं, चालू. एसीवाला आला तेव्हा दोन्ही वेळा खिडकी उघडी होती. आणि दोन्ही वेळा बाईंनी, आपल्या एकतीस वर्षांच्या शहाणपणानं, त्याच्यासाठी पंखा बंद करून ठेवला होता. असा आवाज तो जन्मभर बसून राहिला असता तरी त्याला सापडला नसता.

पण का? एवढ्यावर सोडतील त्या नापासबाई कसल्या. एसीचं पाणी जायला एक बारीक पाइप भिंतीतून गॅलरीत निघतो. बाई गॅलरीत गेल्या, दार मागे घट्ट ओढून घेतलं आणि खाली बसून पाइप पाहिला. मधेच त्याला पोट आलं होतं, सरळ न उतरता तो खाली झोल घेऊन परत वर चढला होता, आणि त्या पोटात पाणी साठलेलं हाताला थंडगार लागत होतं. बाईंनी जुन्या बिलाची एक पातळ पट्टी फाडली आणि पाइपाच्या तोंडाशी धरली. पट्टी आत ओढली गेली. तोंडाला जाऊन चिकटली, सुटली, परत चिकटली.

झालं. उलगडलं. एग्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतोय. घर बरणीसारखं बंद. फेकलेल्या हवेच्या जागी नवी हवा यायची कुठून? खिडकीतून नाही, दारातून नाही, फटीतून नाही, कारण मुलानं एकही फट ठेवली नाही. उरलं हे एवढंसं तोंड. तिथून हवा आत शिरते, पाइपातलं पाणी ढकलत, बुडबुडा बुडबुडा करत. टुक-टुक. मशीन चालू असो की बंद, तिचा काही संबंधच नाही. श्वास घर घेत होतं, मिळेल तिथून. बाई गॅलरीच्या फरशीवर बसून पोटभर रडल्या, आणि डोळे पुसून उठल्या तेव्हा रागाला पुन्हा चांगली धार चढली होती.

त्यांनी एसीवाल्याला फोन लावला. तो काही बोलायच्या आत फोन एसीखाली धरला. मग कानाला लावला.

"ऐकलंस?"

पलीकडून प्रश्न आला, "मावशी, एसी बंद आहे?"

"बंद आहे. तुझ्या चिठ्ठीत होता तसाच बंद आहे." आणि त्यांनी पंखा, खिडकी, पाइपाचं पोट, सगळं सांगितलं.

"तो पाइप मीच बसवलाय," एसीवाला म्हणाला. "आणि पहिल्या खेपेला खिडकी मीच उघडली होती. मावशी, माझी चूक झाली. सोमवारी येऊन सरळ करतो."

"सोमवारी नीट कर. उद्यापुरता मला तो तसाच वाकडा हवाय."

रविवारी अकराला मुलगा आणि सूनबाई आली. मुलाच्या हातात चाकांची मोठी बॅग होती, रिकामी, कारण जिना चढताना ती पायऱ्यांना आपटून पोकळ वाजली. बाईंनी दोघांना पाणी दिलं. मुलानं इकडचं तिकडचं काढलं, रस्ता, ऊन, ऑफिस. तेवढ्यात त्यानं डोळ्यांनी काहीतरी खुणावलं असावं, कारण सूनबाई बॅग घेऊन आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाईंनी तो ऐकला आणि त्या मुलाकडे वळल्या.

"एसीचा प्लग काढ," त्या मुलाला म्हणाल्या.

"आई, आता ते..."

"तूच काढ. तुझ्या हातानं. नंतर म्हणशील, चालू होता."

मुलानं सुस्कारा टाकून प्लग काढला. बाईंनी खिडकी लावली, गॅलरीचं दार लावलं, मुख्य दार लोटलं, आणि जाऊन एग्झॉस्टचं बटण दाबलं. मुलगा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होता. बाई त्याच्याकडे पाहत होत्या.

टुक.

मुलानं मान वर केली. टुक-टुक. त्यानं हातातल्या प्लगकडे पाहिलं, मग एसीकडे, मग परत प्लगकडे. सूनबाई आतून बाहेर आली, हातात बाईंचे दोन घडी घातलेले कपडे तसेच.

"आता खिडकी उघड," बाई म्हणाल्या. मुलानं उघडली. आवाज थांबला. "लाव." लावली. जरा वेळात आवाज आला. मग कुणी न सांगता त्यानं स्वतःच उघडली, लावली, पंखा बंद केला, चालू केला. बाईंनी त्याला गॅलरीत नेऊन कागदाची पट्टी दाखवली. पट्टी पाइपाला चिकटलेली पाहून तो ओशाळून हसला आणि बाईंना वाटलं, संपलं एकदाचं.

"आई, मानलं तुला," तो आत येत म्हणाला. "आवाज खरा आहे."

"मग आता चहा टाकते."

"थांब जरा. आवाज खरा आहे, ठीक. पण प्रश्न फक्त आवाजाचा नाहीये ना. उद्या पडलीस तर? रक्तदाब वाढला तर? आम्ही चार तास लांब."

"पडले तर उठेन. नाही उठता आलं तर शेजारणीला हाक मारेन. आवाज अजून खणखणीत आहे माझा." बाईंनी चहाचं पातेलं ठेवलं. "आणि तुझ्याकडे पडले असते तर कुणाला हाक मारली असती? बाहेरून कुलूप होतं."

मुलानं बायकोकडे पाहिलं. सूनबाई खाली बघत राहिली. बाईंना बरं वाटलं, पण मुलाचा चेहरा काही मोकळा होईना. तो सारखा घड्याळाकडे पाहत होता, आणि ते ऊन किंवा उशीर यामुळे नव्हतं. एवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मुलगा ताडकन उठला. "मी बघतो."

पण बाई त्याच्या आधी दाराशी पोचल्या. त्यांनीच उघडलं. एक तरुण जोडपं उभं होतं. मुलीच्या हातात मोजपट्टी आणि वही, तिचा नवरा जिन्यानं धापा टाकत होता.

"आम्ही घर बघायला आलोय," ती मुलगी हसून म्हणाली. "भाड्यासाठी. बाराची वेळ दिली होती. या महिन्यात रिकामं होतंय ना?"

बाईंनी मागे वळून मुलाकडे पाहिलं. त्यानं नजर टाळली. तेवढ्यावरून जे कळायचं ते कळलं. दाराची कड धरून त्या उभ्या राहिल्या. पण समोरच्या दोघांचा काय दोष? त्यांनी आवाज चढवला नाही.

"तुम्हाला चुकीचं सांगितलंय बाळ. उन्हातून उगीच आलात, पाणी घ्या हवं तर. पण घर रिकामं होत नाहीये. इथे मी राहते, आणि अजून पुष्कळ वर्षं राहणार आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, माफ करा म्हणाली, आणि खाली उतरली. बाईंनी दार लावलं.

"यांना कधी सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"आई, ते असंच... चौकशी केली होती फक्त."

"कधी, ते विचारते आहे. मी कानाच्या डॉक्टरकडे गेले, त्याच्या आधी की नंतर?"

मुलगा खिडकीकडे वळला. बाईंनी सूनबाईकडे पाहिलं. कपड्यांची घडी छातीशी धरून ती उभी होती. तिनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मग सरळ सासूकडे.

"आधी, आई," ती म्हणाली. "एसीवाला पहिल्यांदा येऊन गेला, त्याच आठवड्यात."

शेगडीवर चहा उतू गेला. कुणी हललं नाही. शेवटी सूनबाईनंच जाऊन गॅस बंद केला.

"मला खरंच वाटलं होतं गं, तुझं काहीतरी बिनसलंय," मुलगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता हे बाईंना कळत होतं. "खरंच काळजी होती."

"असेल. मी नाही म्हणत नाही. पण तुला वाटत होतं, आणि तसं वाटणं सोयीचंही होतं. मी वेडी ठरले असते तर तुला माझ्याशी भांडावं लागलं नसतं. आता भांडावं लागेल. आणि मी सोडणार नाही तुला, सांगून ठेवते."

बाई आतल्या खोलीत गेल्या. बॅग पलंगावर उघडी पडली होती, निम्मी भरलेली. त्यांनी एकेक कपडा काढला आणि कपाटात जागच्या जागी ठेवला, घाई न करता, घडी मोडली असेल तर पुन्हा घालून. सूनबाई येऊन हातातले दोन कपडे देऊन गेली. मुलगा उंबऱ्यात उभा राहून बघत होता, आणि बाईंनी त्याला बघू दिलं. स्वेटर, टॉवेल, औषधांची पिशवी, नवऱ्याचा फोटो. फोटोसुद्धा भरला होता. तो भिंतीवर लावून त्यांनी बॅगची चेन ओढली, बॅग खाली घेतली, आणि ढकलत आणून मुलासमोर उभी केली.

"ही तुझी," त्या म्हणाल्या. "चहा परत टाकते, पिऊन जा. आणि यापुढे माझ्याकडे येशील तेव्हा रिकाम्या हातानं येत जा."